मांडवात बोलूया नैराश्यावर

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या पुण्याच्या जोडीच्या ‘कासव’ चित्रपटातली जानकी स्वतः नैराश्यातून सावरते आहे. म्हणूनच जीव द्यायला निघालेल्या तरुणाला ती घरात घेते, उपदेश न करता. निर्माते डॉ. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञच. २०१७ मध्ये या चित्रपटाला सुवर्णकमळ मिळालं.

त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजारांभोवतीचा कलंक कमी करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली.

तरीही मधुमेहाची गोळी चारचौघांत घेणारी घरं नैराश्याची गोळी कपाटात लपवतात. लग्नाची बोलणी निघाली की ती बंदही करतात. औषध असं अचानक थांबवलं तर आजार उलटू शकतो. ही लपवाछपवी थांबावी म्हणून पुण्यातल्या गणेश मंडळांनी यंदा एक संध्याकाळ राखून ‘कासव’ दाखवावा, मग डॉक्टरांना आणि बऱ्या झालेल्यांना बोलतं करावं.