खेळाची किंमत आणि खेळाचा ताबा

गेमिंग कन्सोलच्या भावी पिढ्यांविषयी जे साशंक असतात, त्यांना काळाची पावले न ओळखणारे ठरवून मोडीत काढण्याची रीत या धंद्याच्या कैवाऱ्यांत रूढ झाली आहे. त्यांचा पूर्वपक्ष असा, की अखंड इंटरनेट ही आता यंत्राची प्रकृतीच होय; शिवाय खेळाच्या निर्मितीस लागणारे द्रव्य इतके वाढले आहे, की एकरकमी किमतीवर निर्वाह न झाल्याने खेळाच्या आत किरकोळ खरेदीची दुकाने थाटावी लागतात, ज्यांत शिरण्याची सक्ती कोणावरही नाही.

यातील अपरिहार्यतेचा दावा 2013 सालीच निकालात निघाला. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनसाठी असा दंडक जाहीर केला, की यंत्राने दर चोवीस तासांत एकदा कंपनीच्या सर्व्हरपुढे हजेरी लावावी, अन्यथा पदरच्या पैशाने आणलेली डिस्कही चालणार नाही. आणि ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांच्यासाठी जुना एक्सबॉक्स 360 आहेच, असे कंपनीचे अधिकारी डॉन मॅट्रिक यांनी वर ऐकवले. जूनमध्ये सोनीने आपल्या प्लेस्टेशन 4 वर असले बंधन नाही व किंमतही शंभर डॉलरने कमी आहे असे सांगताच ग्राहकांचा रोष अनावर झाला, आणि 19 जून रोजी ते फर्मान रद्दबातल झाले. यंत्राची प्रकृती अशी एका पंधरवड्यात पालटत नसते. पालटते ते व्यापारी धोरण.

ग्रॅन टुरिस्मो 7 या मोटारशर्यतीच्या खेळाची हकीकत तर सक्तीचे इंटरनेट आणि खेळातील दुकान या वादातील दोन्ही तक्रारी एकाच वेळी पुढे आणते. मार्च 2022 मध्ये निघालेल्या या खेळाची प्लेस्टेशन 5 वरील किंमत अमेरिकेत 70 डॉलर होती, म्हणजे वाढत्या खर्चाच्या नावाने जी दरवाढ मागितली जाते ती ग्राहकाने आधीच मुकाट्याने चुकती केली होती. तरीही गाड्या घेण्यासाठी लागणारी ‘क्रेडिट’ रोख पैशांत विकण्याची तजवीज होतीच. आणि खेळ बाजारात येऊन पुरते दोन आठवडे होतात न होतात तोच एका अपडेटने कित्येक शर्यतींची बक्षिसे घटवण्यात आली. त्याच सुमारास सर्व्हर तीस तासांहून अधिक काळ बंद राहिले, आणि कोणाशीही स्पर्धा न करता एकट्याने गाडी हाकू पाहणाऱ्यासही खेळाचा बहुतेक भाग दुर्लभ झाला. ओरड झाल्यावर बक्षिसे पुन्हा वाढली आणि भरपाईदाखल दहा लाख क्रेडिट वाटण्यात आली, हे खरे. परंतु हेतू काहीही असो, मजुरी कमी-अधिक करण्याचा अधिकार आणि सावकारीची गादी ज्या एकाच धन्याकडे आहे, त्याच्याशी होणाऱ्या व्यवहाराला ऐच्छिक म्हणण्यास फार भाबडे मन हवे.

दैवावर सोडलेल्या पेट्यांचा, म्हणजे लूट बॉक्सचा, प्रकार याहून उघड आहे. स्टार वॉर्स बॅटलफ्रंट 2 मध्ये त्या खेळाडूचे बळच वाढवू लागल्या, तेव्हा नोव्हेंबर 2017 मध्ये प्रकाशनाच्या तोंडावर इलेक्ट्रॉनिक आर्ट्सला खेळातील रोख पैशांची विक्री थांबवावी लागली. पुढच्या वर्षी बेल्जियमच्या जुगार नियामक आयोगाने अशा काही पेट्या जुगारात मोडतात असे ठरवले. नेदरलँड्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने मात्र 2022 मध्ये फिफा खेळाच्या बाबतीत उलट निर्णय दिला. कायद्याचा कौल असा दुभंगलेला असला, तरी लहान मुलांपुढे सोडत मांडण्याची मला मुळीच हौस नाही.

फुकट मिळणाऱ्या खेळाने पोशाख विकून आपले पोट भरावे, यास माझी हरकत नाही, आणि अनेकांनी मिळून खेळायचे सामने सर्व्हरवाचून होत नाहीत हेही मान्य. माझा पक्ष एवढाच, की पूर्ण मोल घेऊन विकलेला, एकट्याने खेळता येण्याजोगा खेळ विक्रेत्याच्या मर्जीपासून मुक्त असावा. युबिसॉफ्टचा 2014 चा ‘द क्रू’ 31 मार्च 2024 रोजी सर्व्हर बंद होताच डिस्कसकट निरुपयोगी झाला. कॅलिफोर्नियाने 2025 च्या आरंभापासून, डिजिटल माल ‘खरेदी’ म्हणून विकताना हाती केवळ परवाना पडत असल्याचा स्पष्ट खुलासा करणे विक्रेत्यांवर बंधनकारक केले, ते योग्यच. पण हक्क नाही एवढे कळवल्याने हक्क मिळत नाही. म्हणून सर्व्हर किती मुदत चालतील आणि त्यानंतर खेळ इंटरनेटवाचून कसा चालेल, याचा करार विक्रीपूर्वीच झाला पाहिजे. हे अव्यवहार्य आहे असा आक्षेप येईल, तर त्याचे उत्तर त्याच युबिसॉफ्टने देऊन ठेवले आहे: पहिल्या खेळावरून गहजब झाल्यावर ‘द क्रू 2’ आणि ‘मोटरफेस्ट’ या पुढच्या दोन्ही खेळांना ऑफलाइन चालण्याची सोय देण्याचे तिने 2024 मध्येच जाहीर केले.