बारा व्होल्टला कमी लेखू नका

विद्यार्थिमित्रांनो, समजा, आषाढीला पाथरीहून पंढरपूरला दिंडी निघाली आहे. सोबतच्या ट्रकमधले दिवे-पंखे 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. ‘बारा व्होल्टने कुठे झटका बसतो?’ असे म्हणून पुष्कळजण फ्यूज लावतच नाहीत. पण येथे धोका झटक्याचा नसून आगीचा आहे.

240 वॅटच्या उपकरणांना 230 व्होल्टवर जेमतेम 1 अँपिअर प्रवाह लागतो. 12 व्होल्टवर 20. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे त्याच तारेत ती साडेतीनशे पटींहून अधिक! त्यातून दोन तारा एकमेकींना चिकटल्या, तर शिसे-आम्लाची बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर सोडते.

म्हणून तार जाड हवी आणि फ्यूज बॅटरीच्या धन टोकाजवळच हवा. बॅटरी व फ्यूज यांमधल्या तारेला संरक्षण नसते. फ्यूज नेहमीच्या प्रवाहापेक्षा थोडा मोठा, पण तारेच्या क्षमतेहून लहान असावा. तो वितळल्यावर त्याजागी जाड तार गुंडाळणे म्हणजे पहारेकऱ्यालाच झोपवणे होय.

शिक्षकांनी ओहमच्या नियमाबरोबर हा हिशेब वर्गात अवश्य करून घ्यावा. आणि तुम्ही? घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीचा फ्यूज कोठे आहे, ते आजच वडीलधाऱ्यांना विचारा पाहू!