तिरुवलंचुळीची जाळी आणि स्टेशनचा सरकता जिना



पासावर किंवा एलटीसीवर तंजावर-कुंभकोणमकडे गेलात तर तिरुवलंचुळीला जरूर उतरा. पांढरा गणपती पाहाच, पण त्याच देवळातली दगडी जाळीची खिडकीही पाहा. तमिळ पाथरवट देवळाचे काम अंगावर घेताना करारात लिहून देत, असे सांगतात, की आवुडैयारकोविलची वळचण आणि तिरुवलंचुळीची जाळी सोडून काय म्हणाल ते करू. जे जमणार नाही ते सही करण्यापूर्वीच सांगून मोकळे!

आमच्या प्रशासनाला मात्र वाटते की, सरकत्या जिन्याच्या देखभालीचा ठेका दिला की आपली जबाबदारी संपली. ठेक्यात काय येते आणि काय येत नाही, हे एकदा तपासू या.

प्रवासी हात ठेवतो तो रबरी कठडा पायऱ्यांना जोडलेला नसतो. मोटर एकच, पण कठडा चाकाच्या घर्षणावर ओढला जातो. आतले कापड झिजते, रबर ताणते, चाक गुळगुळीत होते आणि कठडा मागे पडू लागतो. युरोपीय मानकाप्रमाणे कठडा पायरीपेक्षा फार तर 2 टक्के पुढे धावलेला चालतो, मागे पडलेला मुळीच चालत नाही. आता हिशेब करा. पायरीचा वेग सेकंदाला अर्धा मीटर, उंची 6 मीटर, म्हणजे 30 अंशांच्या चढावर 12 मीटरचा प्रवास आणि 24 सेकंद. कठडा 5 टक्के मंद असेल तर वर पोहोचेपर्यंत हात 60 सेंटिमीटर मागे राहतो. तरणा माणूस हात सोडून पुन्हा धरील. गुडघे धरलेली आजी मागच्या मागे जाईल.

यंत्र स्वतःहून थांबणार नाही का? थांबेल, पण त्याच मानकात ही मर्यादा 15 टक्क्यांची आहे, आणि तेवढा फरक 5 ते 15 सेकंद टिकला तर! त्याच्या आतल्या मंदपणाला कोणताही स्विच पकडत नाही. तो पकडतो रोज त्या कठड्यावर हात ठेवून पाहणारा माणूस. आणि नेमक्या त्याच माणसाची जागा रिकामी ठेवायची, ही आमच्या साहेबांची काटकसर!

बाजूच्या पत्र्याचेही तेच. पायरी आणि पत्रा यांत एका बाजूला 4 मिलिमीटरपेक्षा जास्त आणि दोन्ही बाजू मिळून 7 पेक्षा जास्त फट चालत नाही. पत्रा एका ठिकाणी दबला, स्क्रू सैल झाला, की त्यात पोराची रबरी चप्पल किंवा साडीचा काठ जातो. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकात 18 नोव्हेंबर 1987 रोजी जळती काडी अशाच कडेच्या फटीतून खाली पडली. खाली वर्षानुवर्षे साचलेले ग्रीस आणि कचरा होता, जिना आणि त्याच्या बाजूच्या फळ्या लाकडाच्या होत्या. 31 जणांचा बळी गेला. तिथल्या व्यवस्थापनाने अशा लहान आगींना ‘धुमसणे’ असे सौम्य नाव देऊन ठेवले होते, आणि कर्मचाऱ्यांना आग लागल्यावर काय करायचे याचे धड शिक्षणही नव्हते. जाहीर चौकशी झाली तेव्हा हे सारे उघड झाले.

आम्ही सरकत्या जिन्याच्या विरोधात नाही. 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावरील जिन्यावर 23 माणसे चेंगरून मेली. वर जायला जास्त वाटा हव्यात, हे आम्हाला कोणी शिकवू नये. पण प्रवासी लाल बटण उगाच दाबतात, ही तक्रार जितक्या जोरात होते, तितक्या जोरात बटण दाबल्यावर धावत येणारा कोण, हे मात्र कोणी विचारत नाही. जिना बंद पडला की शिव्या खातो तो तिकीट खिडकीवरचा आपला माणूस. आरएमएसचे साथी टपालाच्या गोण्या घेऊन त्याच गर्दीतून वाट काढत असतात, त्यांनाही हे ठाऊक आहे.

म्हणून येत्या पीएनएम बैठकीच्या विषयपत्रिकेत शाखांनी हे घालावे: प्रत्येक जिन्याच्या कठड्याचा वेग आणि कडेची फट शेवटची कधी मोजली, कोणी मोजली, आणि त्याची नोंदवही स्टेशन मास्तरांच्या टेबलावर आहे की ठेकेदाराच्या कार्यालयात? उत्तर लेखी मागावे. ‘काम चालू आहे’ एवढेच उत्तर आले तर ते इतिवृत्तात जसेच्या तसे नोंदवून घ्यावे.