‘हाताने शिकणारा’ हा शिक्का पुसा

‘तुमचा मुलगा पुस्तकी नाही, हाताने शिकणारा आहे.’ पालकसभेत हे ऐकून अम्मी-अब्बा मान डोलावतात आणि दहावीच्या आधीच गॅरेजचा रस्ता ठरतो.

कुणी पाहून शिकतं, कुणी ऐकून, कुणी करून, ही कल्पना शिक्षकांमध्ये जगभर लोकप्रिय आहे. २००८ मध्ये हॅरल्ड पॅशलर आणि तीन मानसशास्त्रज्ञांनी त्यावरचं संशोधन तपासलं. मुलाच्या शैलीप्रमाणे शिकवल्याने ते जास्त शिकतं, याचा पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही.

आवड प्रत्येकाची वेगळी असते, हे खरंच. पण नकाशा पाहूनच कळतो आणि उच्चार ऐकूनच. पद्धत विषयावरून ठरते, मुलावरच्या शिक्क्यावरून नव्हे.

मग उपयोगी काय? हिफ्ज करणारं मूल रोज नवा सबक सुनावतं, जुना आमुख्ताही सुनावतं, तेही न बघता. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात धडा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिला. नुसतं पाठांतर म्हणजे समज नव्हे; पण समजलेल्या गणितालाही, विज्ञानालाही हीच रीत लावता येते.

गॅरेजचं काम हलकं नाही. पण ते मुलाने स्वतः निवडलेलं असावं. म्हणून मोहल्ल्यात अभ्यासवर्ग घेणाऱ्या दोस्तांनो, मूल कोणत्या प्रकारचं आहे हे विचारू नका. त्याचं कुठे अडलंय, ते विचारा.