अडलेलें टोपण आणि उतावळे हात

फिरकीच्या तांब्याचें झांकण घट्ट बसलें म्हणजे घरांत काय गडबड उडते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. एक जण तें मुठींत आवळतो, दुसरा हातोडी शोधतो, आणि शेवटीं तांब्यास पोंचा पडतो. नमुन्याचे अग्निबाण उडविणाऱ्या मुलांवर असाच प्रसंग येतो. मात्र तेथें उतावळेपणाची किंमत अधिक पडते.

हा छंद मूळ अमेरिकेंतला. नेब्रास्कांतील नॉरफोक गांवीं जोड्यांचें दुकान चालविणारे ऑरव्हिल कार्लाइल यांनीं १९५४ सालीं असा अग्निबाण प्रथम केला. मुलांनीं स्वतः दारू कुटूं नये, तयार मोटर वापरावी, हें या छंदाचें मुख्य धोरण होय. ती मोटर शेपटाशीं धरून ठेवणाऱ्या टोपणास रिटेनर म्हणतात. पुष्कळदां तें आटेदार असून प्लॅस्टिकचें किंवा ॲल्युमिनियमचें असतें. मोटर नीट धरलेली नसेल, तर पॅराशूट बाहेर ढकलणारा शेवटचा लहान स्फोट मोटरीसच मागें फेंकून देतो, आणि अग्निबाण दगडासारखा खालीं कोसळतो.

हें टोपण अडलें म्हणजे लगेच पक्कड हातीं घेणें, ही आमच्या मतें पहिली चूक होय. पकडीच्या दोन जबड्यांत वाटोळें टोपण लंबगोल होतें व आटे अधिकच आवळतात. आधीं कारण शोधावें. उड्डाणानंतर टोपण गरम असेल, तर तें पूर्ण निवूं द्यावें. आट्यांत काजळी किंवा माती बसली असेल, तर ओलसर ब्रशानें ती सोडवावी. मग रबराचा हातमोजा घालून, सर्व बाजूंनीं सारखा दाब देऊन तें फिरवावें. तरीही न हललें, तर मोटर पूर्ण जळालेली आहे अशी खात्री करूनच टोपणाभोंवतीं ऊन पाण्याचें फडकें थोडा वेळ गुंडाळावें.

परंतु मोटर पेटलीच नसेल, तर ऊब नको आणि ठोकाठोकीही नको. बॅटरी तोडावी, निदान ६० सेकंद जवळ जाऊं नये, आणि मग वडील माणसानें प्रथम पेटवणीची तार काढून घ्यावी. या नियमास अपवाद नाहीं.

कित्येकदां खरा दोष उड्डाणाच्या दिवसाचा नसतोच. रिटेनर चिकटवितांना इपॉक्सीचा एक थेंब आट्यांत ओघळलेला असतो, किंवा मागील खेपेची काजळी पुसण्याचा कंटाळा केलेला असतो. चिकटवितांना आटे कागदी पट्टीनें झांकावे, प्रत्येक उड्डाणानंतर ते पुसावे, व ग्रीजचा अगदीं पातळ हात द्यावा. इतकें केल्यास मैदानावरची बहुतेक झटापट वांचते.

पालकांस आमची एक विनंती आहे. जळून थंड झालेल्या मोटरीचें टोपण अडलें असतां तें मुलाच्या हातांतून हिसकावून घेऊं नये. "कां अडलें असेल?" एवढेंच विचारावें व शेजारीं बसावें. जोर लावणें कोणासही येतें. थांबून कारण शोधणें शिकावें लागतें. तें ज्या मुलास साधलें, त्याचा अग्निबाण त्या दिवशीं पुन्हां उडाला नाहीं, तरी दिवस फुकट गेला असें आम्ही मानणार नाहीं.