विश्लेषण : परदेशातली अर्धवट ‘क्लासिक’ गाडी भारतात आणणे इतके अवघड का?

पन्नास वर्षांहून जुन्या मोटारी परवान्याविना आयात करण्याची मुभा केंद्र सरकारने २०२५ च्या सुरुवातीला दिली आणि जुन्या गाड्यांच्या शौकिनांच्या आशा पालवल्या. धडधाकट जुनी गाडी महाग पडते. त्यामुळे अनेकांची नजर वळते ती परदेशात कुणीतरी उत्साहाने खोललेल्या आणि मग तशीच सोडून दिलेल्या स्वस्त गाडीकडे. मात्र आपले नियम पूर्ण गाडी ओळखतात आणि सुटे भागही ओळखतात. या दोहोंच्या मधली गाडी त्यांच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. त्याचा फटका हौशी खरेदीदाराच्या खिशाला बसतोच. शिवाय इथल्या कारागिरांच्या हाती येऊ शकणारे कामही हुकते.

अशा गाड्या विकायला का निघतात?

जुनी गाडी खोलायला काही दिवस पुरतात, जोडायला काही वर्षे लागतात. ब्रिटनसारख्या देशात घरच्या गॅरेजमध्ये गाडी दुरुस्त करण्याची परंपरा जुनी आहे. इंजिन उतरवले जाते, सीट निघतात, पत्र्याखालचा गंज उघडा पडतो आणि तिथेच पैसा किंवा उमेद संपते. वय झाले, घर बदलले, मालकाचे निधन झाले, की सांगाडा आणि डझनभर खोकी एकत्र विकायला निघतात. किंमत पूर्ण गाडीच्या काही अंशच असते. मोह होतो तो याच आकड्याचा.

उदाहरण म्हणून एमजीबी ही दोन आसनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेऊ. १९६२ ते १९८० या काळात तिचे उत्पादन झाले आणि पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. त्यामुळे अर्धवट अवस्थेतील एमजीबी ही दुर्मीळ गोष्ट नाही. समजा, पुण्यातील एखाद्या शौकिनाने इंग्लंडमधील १९६७ सालची अशी गाडी पसंत केली. पुढे काय होईल?

भारतात कोणती जुनी गाडी येऊ शकते?

वापरलेल्या गाड्यांबाबत भारताचे धोरण कडक आहे. सर्वसाधारण नियमानुसार आयात होणारी वापरलेली गाडी तीन वर्षांहून जुनी नसावी आणि तिचे स्टिअरिंग उजवीकडे असावे. विंटेज गाड्यांना यातून सूट होती, पण ती १ जानेवारी १९५० पूर्वी तयार झालेल्या मोटारींपुरतीच. २०२५ मध्ये परकीय व्यापार महासंचालनालयाने ही ठरावीक तारीख काढून पन्नास वर्षांचा सरकता निकष आणला. त्यामुळे दरवर्षी आणखी एका वर्षाच्या गाड्या पात्र ठरत जातात. पुण्याच्या शौकिनाची १९६७ सालची एमजीबी या निकषात सहज बसते. १९८५ सालची गाडी मात्र ना तीन वर्षांच्या आतली, ना पन्नास वर्षांपलीकडची. तिला दार बंदच.

इथपर्यंत धोरण योग्य दिशेने गेले आहे. पेच सुरू होतो तो गाडी खोक्यांत भरलेली असते तेव्हा.

खोक्यांतली गाडी ही गाडी की सुटे भाग?

सीमाशुल्काच्या वर्गीकरणाचे काही सामान्य नियम जगभर सारखे आहेत आणि भारतानेही ते स्वीकारले आहेत. त्यातील नियम २ (अ) सांगतो, की एखादी वस्तू अपूर्ण असली किंवा सुटी करून आणली, तरी पूर्ण वस्तूचे मूळ स्वरूप तिच्यात असेल तर ती पूर्ण वस्तूच मानायची. म्हणजे सांगाडा, इंजिन, गिअरबॉक्स, अॅक्सल सगळे एकाच कंटेनरमध्ये असेल, तर रंग नाही, काचा नाहीत, चाके निघालेली आहेत, याला फारसा अर्थ उरत नाही. ती गाडीच ठरू शकते आणि कर गाडीचाच लागतो.

इंजिन विकले गेले असेल किंवा सांगाडा एकटाच आला, तर चित्र उलटते. मग त्याला सुटे भाग म्हणता येते. पण ते वापरलेले सुटे भाग असतात. परकीय व्यापार धोरणात यंत्रसामग्रीसारख्या भांडवली वस्तू वगळता अन्य वापरलेल्या वस्तूंची आयात ‘प्रतिबंधित’ गटात मोडते, म्हणजे तिला आधी परवानगी लागते. विंटेज गाडीला मिळालेली सूट या खोक्यांना आपोआप लागू होईलच असे नाही. एकच माल कुठल्या बाजूने पाहिला यावर त्याचे भवितव्य ठरते आणि हा निर्णय होतो तो माल बंदरात उतरल्यावर. न्हावाशेवाला कंटेनर अडकला, की साठवणुकीचे भाडे रोज चढत जाते.

स्वस्त गाडी महाग कशी होते?

आयातीचा कर केवळ गाडीच्या किमतीवर बसत नाही. जहाजभाडे आणि विमा त्यात मिळवून जे मूल्य येते, त्यावर तो बसतो. सांगाड्याला कंटेनरमध्ये जागा जवळपास पूर्ण गाडीएवढीच लागते. समजा, गाडी पाच लाखांची आणि भाडे-विमा तीन लाखांचा. करासाठी मूल्य झाले आठ लाख. वापरलेल्या गाड्यांवरील सीमाशुल्क आणि उपकर मिळून शंभर टक्क्यांच्या वर जातात. म्हणजे आकडा १६ लाखांच्या पुढे गेला आणि या एकूण रकमेवर एकात्मिक जीएसटी वेगळा. गाडी अजून बंदरातच आहे, एका पत्र्यालाही हात लागलेला नाही.

पूर्ण आणि चालती गाडी याहून महाग असेल, तिचा करही जास्त असेल. पण तिच्यात काय मिळते ते डोळ्यांना दिसते. अर्धवट गाडीत हरवलेल्या भागांची यादी विक्रेत्यालाही नेमकी ठाऊक नसते. दाराच्या पट्ट्या, घड्याळांचा संच, विशिष्ट मापाचे नटबोल्ट अशा किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी पुन्हा परदेशातून मागवाव्या लागतात आणि प्रत्येक पार्सलवर पुन्हा भाडे, पुन्हा कर.

नोंदणीची खरी अडचण कुठे?

विंटेज वाहनांच्या नोंदणीसाठी रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२१ मध्ये स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी क्रमांक मालिका मिळते. नवीन नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे, फेरनोंदणीला पाच हजार. गाडी रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल यांपुरतीच रस्त्यावर आणता येते. या अटी वाजवी आहेत.

गोम आहे ती व्याख्येत. गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात बदल होईल अशी मोठी दुरुस्ती झालेली नसावी, अशी अट त्यात आहे. जुनी गाडी ‘मॉडिफाय’ करून विंटेज म्हणून खपवणाऱ्यांना रोखणे हा हेतू स्पष्ट आहे. पण गंजलेला तळ कापून त्याच मापाचा नवा पत्रा बसवणे, हा बदल की दुरुस्ती? एमजीबीला वेगळी चेसिस नाही, बॉडी हाच तिचा कणा. १९८८ पासून ब्रिटनमध्ये मूळ साच्यांवर तिची नवी बॉडी बनवून मिळते. जुनी बॉडी पार कुजली असेल तर जाणकार हाच मार्ग घेतात. तशी गाडी आपल्याकडे ‘मूळ स्वरूपातली’ ठरेल का, याचे सरळ उत्तर नियमातून मिळत नाही. निकाल नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या समजुतीवर सोडलेला आहे.

दुसरा अडसर कागदांचा. आयात केलेल्या गाडीच्या नोंदणीसाठी ‘बिल ऑफ एंट्री’ हा सीमाशुल्काचा दस्तऐवज लागतो. गाडी एका कंटेनरमध्ये आणि इंजिन सहा महिन्यांनी दुसऱ्या खोक्यात आले, तर गाडी आली कधी? आणि पन्नास वर्षे मोजायची ती पहिल्या नोंदणीपासून. वीस-तीस वर्षे शेडमध्ये पडून राहिलेल्या गाडीचे नोंदणीपत्र अनेकदा गहाळ झालेले असते.

अन्य देश काय करतात?

ब्रिटनने ‘संग्राह्य वस्तू’ असा वेगळा खण ठेवला आहे. किमान तीस वर्षे जुनी, उत्पादन बंद झालेली आणि मूळ स्थितीतील गाडी त्यात बसली, तर सीमाशुल्क शून्य आणि व्हॅट केवळ पाच टक्के. महत्त्वाचे म्हणजे युरोपीय परंपरेतील या निकषात दुरुस्ती आणि जीर्णोद्धार यांना स्पष्ट मुभा आहे. झिजलेले, तुटलेले भाग बदलले तरी चालतात. गाडी इतिहासाला धरून असली पाहिजे. २०२५ च्या ऑगस्टपासून तिथल्या वाहन नोंदणी यंत्रणेने जशास तशी दुरुस्ती केलेल्या गाडीला जुना क्रमांक आणि ओळख कायम ठेवण्याची वाट आणखी सोपी केली. अमेरिकेत पंचवीस वर्षे उलटलेल्या गाडीला सुरक्षा मानकांतून सूट मिळते.

सगळीकडेच मोकळे रान आहे असे मात्र नाही. ऑस्ट्रेलियात २००३ च्या अखेरीपासून अॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आहे. जुन्या गाड्यांच्या ब्रेक लायनरमध्ये आणि गॅस्केटमध्ये हे द्रव्य असते. त्यामुळे तपासणी न करता पाठवलेल्या गाड्या तिथे बंदरातच अडकतात. पण तिथला नियम काय, हे गाडी जहाजावर चढण्यापूर्वी कळते. भारतात नेमकी याचीच उणीव आहे.

इथल्या कारागिरांचा संबंध काय?

भारतात जुनी गाडी जिवंत ठेवण्याचे कसब हौसेतून नव्हे, गरजेतून आले. दशकानुदशके मोजकीच मॉडेल मिळत होती. मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली अॅम्बॅसेडर २०१४ पर्यंत बनत राहिली. फियाट ११०० हीच पुढे मुंबईत प्रीमियर पद्मिनी म्हणून धावली. ट्रायम्फ हेराल्ड इथे स्टँडर्ड हेराल्ड झाली. एमजीबीचे इंजिन ‘बी सीरिज’ घराण्यातले, आणि अॅम्बॅसेडरचे जुने पेट्रोल इंजिनही त्याच घराण्यातले. ज्या फिटरने आयुष्यभर अॅम्बॅसेडर उघडली, त्याला एमजीबीचे इंजिन परके वाटणार नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडपासून गावोगावच्या गॅरेजांपर्यंत पत्रा ठोकून आकार देणारे, लेथवर हरवलेला भाग घडवणारे हात अजून आहेत.

पण ते हात म्हातारे होत चालले आहेत. नव्या गाडीत भाग दुरुस्त होत नाही, बदलला जातो. तरुण मेकॅनिक संगणक जोडून दोष शोधतो. पत्रा ठोकायला शिकण्याचे त्याला कारण उरलेले नाही. जे काम परदेशात मजुरी परवडत नाही म्हणून अर्धवट राहिले, ते इथे पूर्ण होऊ शकते. परकीय व्यापार धोरणात दुरुस्ती वा नूतनीकरणासाठी वापरलेल्या वस्तू आणून परत पाठवण्याची सशर्त मुभाही आहे. जुन्या गाड्यांना ती कशी लागू होईल, हे स्पष्ट झाले तर परदेशी मालकांचे कामही इथे येऊ शकेल.

सूट दिली तर गैरवापर होईल?

ही भीती निराधार नाही. सुट्या भागांच्या नावाखाली चालती गाडी आणणे, किंमत कमी दाखवणे, एका गाडीचा चेसिस क्रमांक दुसरीवर चढवणे, हे प्रकार नवे नाहीत. जुन्या गाड्यांच्या बाजारात पैसा मोठा आहे. पण संदिग्ध नियम लबाडाला रोखत नाही, तो त्यात वाट काढतोच. अडकतो तो सरळमार्गी माणूस.

उपाय अवघड नाहीत. अर्धवट गाडीसाठी स्वतंत्र प्रवर्ग करावा. चेसिस व इंजिन क्रमांक, छायाचित्रे आणि भागांची यादी देऊन आयातीपूर्वीच लेखी निर्णय मिळावा. त्याच यादीतील भाग नंतर आले, तरी ते त्याच गाडीचे मानावेत. विंटेजच्या व्याख्येत ‘बदल’ आणि ‘जशास तशी दुरुस्ती’ यांतील फरक एका वाक्यात लिहावा. त्यासाठी करसवलत नसली तरी चालेल. आधी स्पष्टता हवी.

तोवर खरेदीदाराने काय पाहावे?

पैसे देण्यापूर्वी मूळ नोंदणीपत्र आहे का आणि त्यावरील क्रमांक चेसिसवरील क्रमांकाशी जुळतो का, हे पाहावे. पत्र हरवले असेल तर उत्पादनाच्या नोंदींचा दाखला मिळवावा. एमजी, ऑस्टिन, मॉरिस अशा ब्रिटिश गाड्यांसाठी गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियम तो देते. मात्र तो उत्पादनाचा पुरावा असतो, पहिल्या नोंदणीचा नव्हे, हे विसरू नये. सगळे भाग एकाच कंटेनरमध्ये, यादीसह भरावेत. लाकडी खोक्यांवर कीडनियंत्रण प्रक्रियेचा आंतरराष्ट्रीय शिक्का असावा. सीमाशुल्क सल्लागाराला गाडी घेण्याआधी भेटावे, नंतर नव्हे. आणि हिशेब जुळत नसेल, तर ती गाडी सोडून द्यावी. दुसऱ्याचे अपूर्ण स्वप्न स्वस्तात मिळते. ते पूर्ण करण्याचा खर्च मात्र घेणाऱ्याच्याच माथी येतो. त्यातला कागदांचा भाग कमी करणे सरकारच्या हाती आहे.