जिन्याखालची लाडकी
चाकोरी / गाडीवान

गेल्या आठवड्यात रामाकोन्यात भर दुपारी नवरदेवाची सजवलेली गाडी सुरू होईना. वऱ्हाड घामाघूम, करवल्या रुसलेल्या आणि सेल्फ मारला की नुसतं टक्-टक्. मंडपापुढे इंजिन बंद ठेवून तासन्‌तास गाणी वाजली होती, वर झगमगते दिवे आणि तो भोंगा. बॅटरी बसणारच होती. पण जमलेल्या जाणत्यांचा निकाल लागला : "कंपनीच डुप्लिकेट आहे ना बाप्पा!"

पुढचा प्रकार पाहून माझ्याच छातीत धडकी भरली. एका उत्साही भाच्याने छिंदवाड्याकडे निघालेला मोठा ट्रक अडवला आणि वायरी जोडायला घेतल्या. एका हातात लोखंडी कडं, दुसऱ्या हातात पेटती बिडी. अशा ट्रकमध्ये बहुधा दोन बॅटऱ्या एकीला एक जोडून 24 व्होल्ट केलेले असतात. कारला हवे असतात 12. ते 24 आत गेले असते, तर गाडीतला सगळा इलेक्ट्रॉनिक संसार लग्नाच्या दिवशीच मोडला असता. मी ट्रकवाल्याला हात जोडून वाटेला लावलं. "काका, तुम्ही लई भेता," असं मला ऐकवण्यात आलं. हो, भेतो.

टायरच्या हवेवर लिहिलं तेव्हा काही वाचकांनी कळवलं होतं की आपल्याकडे लोकांना काही सांभाळायची सवयच नाही. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आता तर मुळीच पटत नाही. याच मंडळींच्या घरी जिन्याखाली इन्व्हर्टर असतो. त्याची बॅटरी आणि गाडीची बॅटरी या सख्ख्या बहिणी. दोघींच्या पोटात शिशाच्या प्लेटा, पाणी घातलेलं गंधकाचं तेजाब आणि दोन व्होल्टच्या जरा वर जाणारी सहा-सहा घरं. पण थोरलीचे लाड पाहा. तिच्यावरचा तरंगता काटा खाली गेला की घरातली म्हातारी आजीसुद्धा ओरडते, "अरे, पाणी संपलं तिचं!" लगेच कुणीतरी सौंसरहून डिस्टिल्ड वॉटरचा डबा आणतो. कारण साधं आहे. मे महिन्याच्या रात्री पंखा थांबला की सगळं घर उठून बसतं. धाकटी मात्र अंगणात उन्हात उभी. तिच्या डोक्यावरचं बॉनेट कुठल्या खटक्याने उघडतं, हे मालकालाच ठाऊक नसतं.

खरं तर जास्त जपायला हवं धाकटीला. इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या प्लेटा जाड असतात. तासन्‌तास थोडी थोडी वीज देत राहायची, हेच तिचं काम. गाडीच्या बॅटरीच्या प्लेटा पातळ आणि पुष्कळ. सेल्फ मारताना काही क्षण दोनशे-दोनशे अँपिअरचा जोर लावायचा आणि मग अल्टरनेटरकडून लगेच भरून घ्यायचं, इतकंच तिने शिकलेलं. तिला चार-सहा वेळा पुरती रिकामी केली की प्लेटांवर सल्फेटचे खडे घट्ट बसतात आणि मग ती पहिल्यासारखी भरत नाही. बंद गाडीत गाणी लावणं म्हणजे थोरलीचं काम धाकटीच्या माथी मारणं.

त्यात आपलं ऊन. बॅटरीवाले एक ढोबळ हिशेब सांगतात : तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य जवळपास निम्मं होतं. घाट चढून छिंदवाड्याला गेलं की हवा जरा बदलते. खाली सौंसर-रामाकोन्याला मात्र नागपूरचंच ऊन. त्यावर बॉनेटखाली इंजिनची धग. जिन्याखालची सावलीत बसून असते, बॉनेटखालची भाजून निघते. तिचं नुकसान मे महिन्यात होतं, पण कळतं डिसेंबरमध्ये. गार सकाळी इंजिनचं ऑइल घट्ट होतं, बॅटरीचा जोरही उतरतो आणि गाडी बसते. मग सगळे म्हणतात, थंडीने गेली. थंडी बिचारी फुकट बदनाम.

थोरलीचे लाडही शहाणपणाचे नसतात म्हणा. तिला बंद कपाटात कोंडतात आणि वरच्या फळीवर देवाचा दिवा. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो चार टक्क्यांवर गेला की एक ठिणगी पुरते. सडक्या अंड्यासारखा वास आला तर चार्जिंग बंद करा, खिडक्या उघडा आणि मेकॅनिकला बोलवा. अगरबत्ती लावून वास घालवू नका.

आणि भोंगे. माझा हा राग जुन्या वाचकांना पाठ आहे, पण राहवत नाही. सौंसर-पांढुर्णा रस्त्यावरच्या निम्म्या बॅटऱ्या जास्तीच्या भोंग्यांनी आणि निळ्या-जांभळ्या दिव्यांनीच मारल्या असाव्यात. पुरावा मागू नका, मला कान आहेत.

"आमची मेंटेनन्स फ्री आहे," हे उत्तर मला तोंडपाठ झालंय. अशा बॅटरीत पाणी घालावं लागत नाही, एवढीच ती सूट. टर्मिनल सैल होतात, पट्टा ढिला पडतो, पांढरी-हिरवी बुरशी चढते, ती तिलाही चढते. किल्ली काढून आधी मायनस सोडा, मग प्लस. लावताना उलटं : प्लस आधी, मायनस शेवटी. मायनस जोडलेला असताना पान्हा प्लसवरून गाडीच्या पत्र्याला टेकला, तर तो तिथेच चिकटून लाल होतो. कडं, अंगठी, घड्याळ आधी काढून ठेवा. बुरशीवर खायच्या सोड्याचं कोमट पाणी टाका, पण ते आत जाऊ देऊ नका. पुसून वाळवा आणि टर्मिनल आवळून व्हॅसलीन लावा. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर बॅटरी भरल्यावर खुणेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाचं नको, तेजाब तर नकोच. उडतं ते पाणी, तेजाब आतच राहतं.

मल्टिमीटर फार महाग नसतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मोजा. 12.6 दिसले तर बॅटरी भरलेली, 12.4 म्हणजे पाऊण, 12 च्या खाली म्हणजे तळ दिसतोय. इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.4 यायला हवेत. तेवढे येत नसतील तर दोष बहुधा अल्टरनेटरचा किंवा त्याच्या पट्ट्याचा, आणि नवी बॅटरीही तशीच बसेल.

बसलेल्या गाडीला वायरी लावायच्याच असतील, तर मदतीची गाडी 12 व्होल्टचीच हवी. लाल वायर आधी बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगलीच्या प्लसला. काळी चांगलीच्या मायनसला आणि तिचं शेवटचं टोक बसलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, ती बॅटरीजवळ नको. काढताना हाच क्रम उलटा. बिडी दूर. तेजाब डोळ्यात गेलं तर पंधरा-वीस मिनिटं साध्या पाण्याने धूत राहा आणि लगेच दवाखाना गाठा. डोळ्यात सोडा घालू नका.

शेवटचं जुन्या बॅटरीचं. ती किलोवर भंगारात घालणाऱ्यांना दोन पैसे जास्त मिळतात, हे मला माहीत आहे. पण कुठेतरी ती फोडून तेजाब नालीत ओततात आणि शिसं उघड्यावर वितळवतात. त्या धुरातलं शिसं लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करतं. 2022 च्या केंद्रीय नियमांनुसार जुनी बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून अधिकृत गोळा करणाऱ्याकडे देणं ही वापरणाऱ्याची जबाबदारी आहे. नवी घेताना जुनी दुकानदाराला परत द्या, तिची किंमत बिलात वजा करून घ्या आणि पावती जपून ठेवा.